उन्हाळी धान: पऱ्ह्यापासून काट्यापर्यंत, तारखा उलट्या मोजून

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर पट्ट्यात उन्हाळी धान घेणाऱ्यांकडून दरवर्षी त्याच दोन चुका होतात. पऱ्हे (रोपवाटिकेतली रोपं) उशिरा टाकले जातात, त्यामुळे निसवण (लोंबी बाहेर पडणं) ऐन उन्हात सापडते. आणि भावाचा विचार सुरू होतो तो धान खळ्यावर आल्यावर, तेव्हा सरकारी खरेदी केंद्रावरची नोंदणी निघून गेलेली असते. दोन्ही चुकांचं मूळ एकच: आपण कामं पुढे मोजत जातो. "पाणी आलं की चिखलणी, मजूर मिळाले की रोवणी (रोपांची लावणी)" असं. खरिपात हे चालून जातं. उन्हाळ्यात नाही, कारण पुढे एप्रिलचं ऊन आणि जूनचा पाऊस अशा दोन भिंती आहेत आणि पीक त्यांच्या आत बसवायचं आहे. म्हणून इथे सगळं मागून पुढे मोजलं आहे.

टप्पा १: तारखा उलट्या मोजा (नोव्हेंबर)

धानाचं फूल सकाळी ९ ते ११ च्या सुमारास उमलतं. त्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की परागकण मरू लागतात, दाणा भरत नाही आणि लोंबीत बदरा (पोकळ दाणा) राहतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. तेव्हा निसवण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरकली पाहिजे. हा पहिला खुंटा.

आता मागे या. एमटीयू १०१० हा वाण, म्हणजे आपला दहा-दहा, एरवी १२० ते १२५ दिवसांचा. थंडीत रोप रेंगाळतं, म्हणून उन्हाळी हंगामात त्याला १५० दिवसांच्या आसपास धरा. निसवण ते कापणी साधारण ३० दिवस. १० डिसेंबरला पऱ्हे टाकले तर रोवणी २० जानेवारीच्या आसपास, निसवण १० एप्रिलच्या आसपास आणि कापणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात येते. पावसाआधी वाळवायला दोन-तीन आठवडे हाती राहतात.

हाच हिशोब जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पऱ्हे टाकून करून बघा. उशिराच्या पेऱ्याला थंडी कमी लागते, म्हणून दहाएक दिवस भरून निघतात. पण निसवण तरी एप्रिलच्या शेवटी जातेच. एका वर्षी मी असाच अडकलो होतो. पीक लांबून हिरवंगार दिसत होतं. लोंबी हातात घेऊन दाबली की अर्धे दाणे पोकळ निघत होते. खत, पाणी, फवारणी, सगळं वेळेवर होतं. फक्त तारीख चुकली होती.

*तपासा:* वाण एरवीच १३० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर उन्हाळ्यासाठी घेऊ नका, मग पिशवीवर काहीही लिहिलेलं असो. शंका असेल तर साकोली किंवा सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात विचारून घ्या.

टप्पा २: पाण्याची खात्री, बियाणं घेण्याआधी

इटियाडोह, बावनथडी, गोसीखुर्द यांच्या लाभक्षेत्रात उन्हाळी पाणी कोणत्या वितरिकेला (कालव्याच्या फाट्याला) आणि किती आवर्तनांत (पाळ्यांत) मिळणार, ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. मागच्या वर्षी पाणी मिळालं म्हणून या वर्षी मिळेलच असं धरू नका. शाखा कार्यालयात जाऊन आपल्या वितरिकेचं नाव यादीत आहे का ते बघा आणि पाणी मागणी अर्ज भरा.

बोअरवेल किंवा विहिरीवर घेणार असाल तर एप्रिलचं पाणी मोजा, डिसेंबरचं नाही. डिसेंबरात पंप आठ तास सलग चालतो. एप्रिलमध्ये तोच पंप तासाभरात हवा ओढायला लागतो, आणि पीक नेमकं तेव्हा गाभ्यात (लोंबी पोटात धरलेलं) असतं. मागच्या एप्रिलमध्ये सलग किती तास पाणी दिलं होतं, तेवढ्यात किती बांध्या (धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, अडवलेले शेताचे तुकडे) भरत होत्या, ते आठवा आणि तेवढीच रोवणी करा. तीन एकर अर्धवट भिजवण्यापेक्षा दीड एकर पुरतं भिजवलेलं जास्त धान देतं.

टप्पा ३: बियाणं निवडणं आणि मोड आणणं

एकरी १६ किलो बियाणं पुरतं. लोक ३० किलो टाकतात, पऱ्हे दाट होतात, रोपं बारीक आणि लांबट निघतात आणि थंडीत आधी तीच मरतात.

१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात बियाणं सोडून ढवळा. वर तरंगतं ते पोकळ, ते काढून टाका. तळाशी बसलेलं बियाणं दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यानं धुवा. हे धुणं विसरलात तर मीठ अंकुराला मारतं. सावलीत सुकवून किलोला ३ ग्रॅम थायरम चोळा.

मग मोड. २४ तास भिजवून ओल्या बारदान्यात बांधून ठेवायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. फरक थंडीचा आहे. खरिपात दीड दिवसात मोड येतात, डिसेंबरात दोन ते तीन दिवस लागतात. भिजवायला कोमट पाणी घ्या, पोतं घरात तणसाच्या (पेंढ्याच्या) ढिगात ठेवा आणि रोज एकदा उघडून हवा लागू द्या.

*सावध:* मोड दाण्याच्या लांबीपेक्षा मोठे होऊ देऊ नका. फेकताना तुटतात. नुसतं पांढरं टोक दिसलं की टाका.

टप्पा ४: पऱ्हे आणि थंडी

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण उन्हाळी धानाचं निम्मं नुकसान या ४० दिवसांत होतं.

एकर रोवणीसाठी ४ गुंठे जागा हवी. जागा उन्हाची निवडा. आंब्याच्या किंवा बाभळीच्या सावलीत पऱ्हे टाकू नका. एक मीटर रुंदीचे, १० ते १५ सेंटीमीटर उंचीचे वाफे करा, मध्ये नाल्या ठेवा. गुंठ्याला २५० किलो कुजलेलं शेणखत मिसळा.

रात्री पारा १२-१३ अंशांच्या खाली गेला की रोप वाढणं थांबवतं आणि पिवळं पडतं. इथे सगळे युरिया टाकतात. टाकू नका. गार पाण्यात मूळ अन्न उचलतच नाही, त्यामुळे युरिया वाया जातो आणि पुढे ऊब आली की पान एकदम लुसलुशीत होऊन करपा रोगाला आयतं सापडतं. पिवळेपणाचं कारण थंडी असेल तर इलाज उबेचा करायचा:

संध्याकाळी वाफ्यात पाणी भरा. रात्रभर त्या पाण्यानं माती उबदार राहते. सकाळी ते गार झालेलं पाणी काढून टाका, दिवसभर ऊन खाऊ द्या, संध्याकाळी पुन्हा भरा. भरायचं पाणी शक्यतो बोअरचं घ्या. हिवाळ्यात बोअरचं पाणी बोडीच्या (लहान तळ्याच्या) किंवा कालव्याच्या पाण्यापेक्षा कोमट असतं, हात घालून बघितलं तरी कळतं. सकाळी पानांवरचं दव दोघांनी दोरी ओढून झाडून टाका. करप्याला ओल मिळत नाही. फारच कडाका असेल तर रात्री वाफ्यावर पॉलिथिन पसरवा, पण ऊन चढण्याआधी काढा, नाहीतर आत रोपं उकडतात.

ऊब आल्यावर, साधारण पंधराव्या-विसाव्या दिवशी, गुंठ्याला एक किलो युरिया पुरतो.

*तपासा:* एक रोप उपटून मूळ बघा. मूळ पांढरं असेल तर रोप थंडीनं थांबलंय, उबेत पुन्हा चालेल. मूळ काळपट-तपकिरी आणि वास येणारं असेल तर पाणी तुंबलंय. आधी निचरा करा.

खरिपात २१ ते २५ दिवसांचं रोप लावतो. उन्हाळ्यात दिवस मोजू नका, पानं मोजा. चार ते पाच पानं आणि वीतभर उंची झाली की रोप तयार. त्याला ३५ ते ४० दिवस लागतात.

टप्पा ५: बांधी, चिखलणी, आणि पाणी झिरपतं का ते बघणं

खरिपात धुऱ्यातून पाणी गळलं तर वरून पाऊस भरून काढतो. उन्हाळ्यात गळणारा प्रत्येक थेंब पंपाचा आहे. म्हणून चिखलणीच्या आधी धुरे चोपा, खेकड्यांची भोकं बुजवा, धुऱ्याच्या आतल्या बाजूला चिखल लिंपा.

चिखलणी दोनदा करा, मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या. नंतर फळी मारून बांधी समपातळीत आणा. उंच जागी तण आणि खोल जागी कुज, दोन्ही चढ-उताराचेच परिणाम.

*तपासा:* बांधी भरून काठी रोवा, संध्याकाळी पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी दोन बोटांपेक्षा जास्त उतरलं असेल तर रोवणी थांबवा आणि गळती शोधा. एक दिवस उशीर परवडतो, चार महिन्यांची गळती परवडत नाही.

शेवटच्या चिखलणीत खताचा पहिला हप्ता जातो. हेक्टरी १२० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश हे प्रमाण धरलं तर एकराचा हिशोब असा बसतो: डीएपीची एक ५० किलोची बॅग, पोटॅश ३३ किलो आणि युरिया एकूण ८५ किलो. युरियातले ३३ किलो आता, २६ किलो फुटवे फुटताना आणि २६ किलो लोंबी गर्भात धरताना. माती परीक्षण अहवाल हाती असेल तर हे आकडे बाजूला ठेवा आणि त्याप्रमाणे चाला.

जस्त कमी असलेल्या बांधीत रोवणीनंतर पानांवर तपकिरी गंजासारखे ठिपके दिसतात. तिथे एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट द्या, पण डीएपीत मिसळून नाही. दोन्ही एकत्र आले की बांधले जातात आणि रोपाला कोणतंच मिळत नाही. मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवा.

टप्पा ६: रोवणी

पेंढ्या बांधल्यावर रोपांचे शेंडे दोन बोटं छाटा. खोडकिड्याची मादी अंडी पानाच्या टोकाजवळ घालते. छाटलेले शेंडे बांधीत न टाकता गोळा करून जाळा किंवा पुरा. दहा मिनिटांचं काम आहे आणि उन्हाळ्यात खोडकिडाच सगळ्यात जास्त छळतो.

अंतर १५ बाय १५ सेंटीमीटर. एका चुडात (एका जागी रोवलेल्या झुबक्यात) दोन-तीन रोपं. खोली अडीच-तीन सेंटीमीटर, त्याहून खोल नाही. खोल रोवलेलं रोप आधी वरच्या पेरातून नवीन मुळं काढत बसतं आणि फुटवे उशिरा देतं.

आता रोवणी बहुतेक ठेक्यानं होते, एकराच्या भावानं. ठेक्यात हात भरभर चालतात आणि अंतर वाढत जातं. म्हणून बांबूच्या चार काठ्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट करून ठेवा आणि काम चालू असतानाच टाकून मोजा. चौकटीत ४४ च्या आसपास चूड यायला हवेत. ३० निघाले तर तिथल्या तिथे मुकादम बाईंना दाखवा. बांधी संपल्यावर बोलून उपयोग नाही. मोजून बोललं की वादही होत नाही.

*सावध:* रोवणी १५ फेब्रुवारीच्या पुढे जात असेल तर उरलेल्या बांध्यांत धानाचा हट्ट सोडा. मूग घ्या.

टप्पा ७: रोवणी ते निसवण

पहिले आठ दिवस पाणी दोन-तीन सेंटीमीटर. दहा दिवसांत मेलेल्या चुडांच्या जागी राखीव रोपं लावा. फुटवे येईपर्यंत पाणी ५ सेंटीमीटरच्या वर नेऊ नका. खोल पाण्यात फुटवे दबतात. तण २० ते २५ दिवसांत काढा, आणि युरियाचा हप्ता तण काढल्यानंतरच द्या. आधी दिलात तर तणच पोसलं जातं.

आठवड्यातून एकदा बांधीत आत शिरा. धुऱ्यावरून दिसत नाही. सुकलेला पोंगा (फुटव्याचं मधलं गुंडाळलेलं पान) ओढून बघा: सहज निघून आला आणि बुडाशी कुरतडलेला असेल तर खोडकिडा आहे. शंभर फुटव्यांत पाच पोंगे मेलेले दिसले तर फवारणीची किंवा दाणेदार औषधाची वेळ झाली. दोन-तीन दिसत असतील तर थांबा, मेलेले पोंगे उपटून टाका आणि कामगंध सापळे लावा. एप्रिलमध्ये चुडाच्या बुडाशी तुडतुडे (रस शोषणारे किडे) बघा. पान पिवळं होण्याची वाट बघितलीत तर उशीर झालेला असतो.

गाभा धरल्यापासून दाण्यात दूध भरेपर्यंत बांधी कोरडी पडू देऊ नका. बाकी कधी एखादी पाळी चुकली तरी पीक सावरतं, या तीन आठवड्यांत सावरत नाही. वीज पाळीनं येते, तेव्हा गाभ्यात असलेल्या बांध्या आधी भरा.

टप्पा ८: कागदपत्रं, पीक शेतात उभं असतानाच

हा टप्पा मुद्दाम कापणीच्या आधी ठेवला आहे. बहुतेक जण कापणीनंतर करतात आणि रांगेत मागे राहतात.

फेब्रुवारी-मार्चमध्येच ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) करा. गटात उभं राहून फोटो काढावा लागतो, म्हणजे पीक शेतात हवं. हंगाम निवडताना "उन्हाळी" निवडा. घाईत दुसरा हंगाम निवडला गेला तर सातबाऱ्यावर उन्हाळी धान येत नाही आणि नोंदणी अडते. मुदत संपण्याआधी नोंद सातबाऱ्यावर उतरली का ते डोळ्यांनी बघा.

मग पणन महासंघाच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या आपल्या भागातल्या केंद्रावर नोंदणी सुरू झाली की पहिल्या आठवड्यात जा. सातबारा, नमुना आठ-अ, आधार आणि बँक पासबुक सोबत न्या. खातं आधारशी जोडलेलं आणि चालू आहे का ते बँकेत विचारून घ्या. जनधन खात्यावर रकमेची मर्यादा असू शकते. सातबारा सामायिक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र आधीच करा.

तालुक्यात रोवणी किती झाली याकडे लक्ष ठेवा. कृषी सहायकाकडे लागवडीचा आकडा असतो. उन्हाळी खरेदीला उद्दिष्ट ठरवून दिलेलं असतं. रोवणी जास्त झाली तर ते लवकर भरतं आणि मागे राहिलेल्यांचा धान केंद्राबाहेर पडून राहतो. रोवणीचा आकडा मोठा ऐकला की नोंदणीची घाई दुप्पट करा.

*सावध:* "तुमचा सातबारा द्या, काही हजार देतो" असं म्हणणाऱ्याला सातबारा देऊ नका. तुमच्या नावावर दुसऱ्याचा धान विकला जातो, तुमची क्विंटलची मर्यादा संपते आणि चौकशी आली तर नाव तुमचं असतं.

टप्पा ९: कापणी आणि वाळवण

कापणीच्या दहा दिवस आधी पाणी तोडा. लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे सोनेरी झाले, बुडाशी थोडे हिरवे राहिले, की कापा. पूर्ण वाळेपर्यंत उभं ठेवलं तर मेच्या उन्हात दाण्याला आतून तडे जातात आणि गिरणीत तांदळाचा तुकडा होतो. व्यापारी उन्हाळी धानाला कमी भाव देतो त्याचं मोठं कारण हा तुकडा आहे. वेळेवर कापलेला आणि सावकाश वाळवलेला धान मूठभर भरडून दाखवला तर भावात बोलता येतं.

कडपा (कापून पसरलेला धान) दोन दिवसांच्या वर रानात ठेवू नका. मळलेला धान डांबरी रस्त्यावर पसरवू नका: रस्ता तापून दाणा फुटतो, वर खडे येतात. ताडपत्रीवर चार बोटं जाड थर करा, तासातासानं फिरवा, दुपारी १२ ते ३ झाकून ठेवा.

केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. माती-खडे १ टक्का, काडीकचरा १ टक्का, अपक्व आणि सुरकुतलेला दाणा ३ टक्के, खराब-रंग बदललेला-अंकुरलेला ५ टक्के, या मर्यादा आहेत. घरी एकदा उफणून नेलात तर केंद्रावर चाळणीसाठी दिवस जात नाही. साठवायचा असेल तर ओलावा १४ पर्यंत आणा.

टप्पा १०: भाव समजून घेणं आणि काटा

२०२५-२६ साठी साधारण धानाची हमी किंमत क्विंटलला २,३६९ रुपये आणि 'अ' दर्जाची २,३८९ रुपये आहे. केंद्र सरकारनं ती १,५७९ रुपये उत्पादन खर्च धरून दीडपट ठरवली. हा खर्च देशभराची सरासरी आहे. आपल्या वहीत पंपाचं बिल, रोवणीचा ठेका आणि घरच्या माणसांचे दिवस लिहिले असतील तरच कळेल की आपल्याला हा भाव पुरतो का.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. नवीन हमी किंमत उन्हाळ्याच्या शेवटी जाहीर होते आणि "भाव वाढला, थांबा" अशी हवा पसरते. २०२५ मध्ये २८ मे रोजी २,३६९ रुपये जाहीर झाले, पण तो भाव १ ऑक्टोबरपासूनच्या हंगामाचा. त्या उन्हाळ्याच्या धानाला लागू होते २,३०० रुपयेच, आणि उन्हाळी खरेदीची मुदत ऑक्टोबरच्या किती तरी आधी संपते. थांबलेला धान पावसात दमट झाला आणि शेवटी व्यापाऱ्याकडे गेला.

व्यापारी खळ्यावर ओला धान मागतो तेव्हा भाव आणि वजन एकत्र मोजा. २० टक्के ओलाव्याचा १०० किलो धान १७ टक्क्यांवर आणला की ९६.४ किलो उरतो, १४ वर आणला की ९३ किलो. म्हणजे २,३६९ च्या भावानं त्या ओल्या क्विंटलची केंद्रावर किंमत साधारण २,२८३ रुपये होते. त्यातून वाळवणीची मजुरी, गाडीभाडं आणि केंद्रावर जाणारे दिवस वजा करा. उरलेला आकडा व्यापाऱ्याच्या भावापेक्षा जास्त असेल तर केंद्रावर न्या. पैसे हातात लगेच हवेत आणि फरक शंभराच्या आत असेल तर खळ्यावर विकणं चूक नाही. पण ही तुलना केल्यावरच विका.

काट्यावर रिकामा बारदाना आधी तुमच्यासमोर मोजून घ्या. ४० किलोच्या कट्ट्यात ४० किलो धान आणि वर फक्त बारदान्याचं वजन, एवढंच जायला हवं. प्रत्येक कट्ट्यात एक किलो जास्त गेला तर १०० कट्ट्यांत एक क्विंटल जातो, म्हणजे २,३६९ रुपये. ओलावा मोजताना यंत्राचा आकडा स्वतः बघा. काटापावतीवर वजन, कट्टे, दर्जा, तारीख आणि सही असल्याशिवाय केंद्र सोडू नका, आणि त्या पावतीचा फोटो त्याच जागी काढून घ्या. पैसे खात्यात येईपर्यंत तुमच्या हाती तोच एक पुरावा असतो.